मालवणला स्कूबा डायव्हिंग करायचंय? निघण्याआधी या गोष्टी समजून घ्या

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढतात. १९८७ मध्ये या परिसरातलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. इथले प्रवाळ अवघ्या काही मीटर खोलीवर दिसतात. त्यामुळे पोहता न येणारे पर्यटकही प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली जातात. पण उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे.

उथळ पाण्यात धोका कसला?

पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच तो दुप्पट होतो. कान दुखतात ते सुरुवातीच्या काही मीटरमध्ये, ते यामुळेच. उपाय सोपा आहे: नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची आणि दुखण्याआधीच हे करत राहायचं. तरीही दुखलं, तर प्रशिक्षकाला खूण करून थोडं वर यायचं.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: श्वास कधीही रोखायचा नाही. ५ मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दीडपट फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते.

कोणी जाऊ नये?

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर महिलांनी स्कूबा टाळावं. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, कारण कानातला दाब सारखा करता येत नाही. 'पाडी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार नवख्यांसाठी किमान वय १० वर्षं आणि कमाल खोली १२ मीटर आहे.

कधी जायचं?

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि डायव्हिंग बंद असतं. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. तारीख ठरवताना कॅलेंडरवर तिथीही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, प्रवाह जोरात वाहतात आणि पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी तुलनेने शांत असतं. वारा वाढण्याआधीची सकाळची वेळ चांगली.

प्रवासाचं गणित

कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवण गाठता येतं. परतीचं विमान असेल तर मात्र वेळ हिशोबात धरा: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यास १८ तास विमानप्रवास नको. म्हणून स्कूबा शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

बुकिंग करताना काय विचाराल?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट बुडाली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. म्हणजे पाण्याखालच्या वेळेइतकाच बोटीचा प्रवासही गांभीर्याने घ्यायला हवा. त्यामुळे सर्वांत कमी दर कोणाचा, याआधी हे विचारा:

- बोटीला परवाना आहे का, किती माणसांचा?
- प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळणार का?
- प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का? पाण्याखाली एका प्रशिक्षकामागे किती जण?
- उतरण्याआधी खुणा आणि श्वास घेण्याचा सराव होणार का?
- ऑक्सिजन आणि प्रथमोपचार पेटी बोटीवर आहे का?

उत्तरं टाळली जात असतील किंवा बोटीत गर्दी दिसली, तर पैसे भरले असले तरी बसू नका.

प्रवाळांसाठी एवढं करा

प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींनी बनलेले असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांच्यावर उभं राहू नका, हात लावू नका, तुकडा आणू नका. फोटोत मासे जमावेत म्हणून पाव टाकला जात असेल, तर नको म्हणा. मासे तसेही दिसतात, फक्त थोडं स्थिर राहावं लागतं.