कागदाचा तंतू, दगडाची रेघ

इ. स. १८६६ मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने ‘आर्किटेक्चर इन धारवार अँड मैसूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मजकूर मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा, तर छायाचित्रे बिग्ज, डॉ. पिगू आणि नील यांची. बिग्ज आणि त्यांच्यामागून पिगू यांनी १८५५ पासून कंपनी सरकारसाठी या मुलखातील देवळे टिपली. चित्रकाराच्या हातापेक्षा कॅमेरा अधिक विश्वासू, ही त्यामागील धारणा. ती कितपत खरी, हे तपासण्याजोगे आहे.

बिग्ज यांचे निगेटिव्ह काचेचे नव्हे, कागदाचे होते. टॅल्बट यांच्या या कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट १८४१ चे. त्या कागदाची प्रकाशसंवेदनशीलता इतकी अल्प, की भर उन्हातही मिनिटे मोजावी लागत. गाभारा तर आवाक्याबाहेरच. शिवाय प्रत काढताना प्रकाश कागदातून जाई आणि त्याचे तंतू चित्रात उमटत. मग अभ्यासकाला प्रश्न पडतो : ही रेघ दगडावरची की कागदातली?

पुढे १८५१ मध्ये आर्चर यांची ओली काच आणि १८७१ मध्ये मॅडॉक्स यांची कोरडी जिलेटिन काच आली. तंतू गेले, वेग वाढला; परंतु किंमत चुकली नाही. चांदीच्या क्षाराचे कण जितके मोठे तितकी फिल्म जलद, आणि तितकेच चित्र रवाळ. या वेगाच्या मोजणीसाठी जर्मनीत ‘डिन’ आणि अमेरिकेत ‘एएसए’ ही मापे रूढ झाली. १९७४ मध्ये त्यांतूनच आयएसओ हे समाईक माप निघाले.

डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ वाढविल्याने अधिक प्रकाश आत येत नाही. आलेला संकेत तेवढा वर्धित होतो. प्रकाशकण यदृच्छेने येतात. दहा हजार कण टिपले तर चढउतार सुमारे शंभरांचा, म्हणजे एक टक्का. शंभरच टिपले तर दहांचा, म्हणजे दहा टक्के. हाच ‘नॉइज’. दोष आकड्याचा नव्हे, प्रकाशाच्या तुटवड्याचा. म्हणून हुबळीतील उणकलच्या चंद्रमौळेश्वर मंदिराच्या अंधाऱ्या अंतर्भागात आयएसओ चढविण्यापेक्षा तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून पडदा अधिक वेळ उघडा ठेवणे श्रेयस्कर. दगड हलत नाही. घाई असलीच तर ती छायाचित्रकाराची.

खरा धोका त्यानंतरचा आहे. हा रवाळपणा पुसणारी संगणकप्रणाली चित्र गुळगुळीत करते. पण कण आणि हळेकन्नड अक्षराचे झिजलेले वळण यांत तिला नेहमीच भेद करता येतो असे नाही. ज्या शिलालेखाचा दगड पुढे भंगला, त्याच्या जुन्या छायाचित्रातले असे वळण पुसले गेले, तर पुरावाच संपला. म्हणून अभिलेखागारात मूळ प्रत तिच्या डागांसह, तंतूंसह राहिली पाहिजे. स्वच्छ केलेली प्रत तिच्या शेजारी असावी, तिच्या जागी नव्हे.