प्रश्न विचारणाऱ्या इमामांचे आपण अनुयायी

"कळलं का? कुणाला काही विचारायचंय?" असे सरांनी म्हटले की वर्ग चिडीचूप होतो. रत्नागिरीतल्या शाळकरी मुलांना मी याचे कारण विचारले की बहुधा दोनच उत्तरे येतात: सर रागावतील, नाहीतर पोरं हसतील. काही घरांत तर मोठ्यांना उलट विचारणे म्हणजे बेअदबी, असेच शिकवले जाते.

हा अदब इस्लामी आहे असे कुणी सांगितले की मला इतिहास आठवतो. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. म्हणजे शरियतच्या बाबतीत इमाम शाफईंची (इ.स. 767 ते 820) परंपरा मानणारे. हे इमाम मदिनेत इमाम मालिक यांचे विद्यार्थी होते. उस्तादांविषयी त्यांना फार आदर होता. तरीही पुढे काही मसल्यांत उस्तादांचे मत पटले नाही, तेव्हा त्यांनी ते लिहून ठेवले. इराकमध्ये इमाम मुहम्मद शैबानींकडे ते शिकले आणि त्यांच्याशी वादही केला. इजिप्तला गेल्यावर स्वतःचीच कित्येक मते त्यांनी बदलली. त्यांचे 'जुने मत' आणि 'नवे मत' हा फरक शाफई फिकहमध्ये आजही शिकवला जातो. त्यांच्या 'अर-रिसाला' या ग्रंथात तर जागोजागी कुणीतरी शंका काढतो आणि इमाम तिला उत्तर देतात. उस्तादाचा अदब राखूनही प्रश्न विचारता येतो, हे यातून दिसते.

मग आपली मुले गप्प का? भीतीखेरीज मला आणखी एक कारण दिसते, ते भाषेचे. 1882 मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने मुसलमान मुलांना हिंदुस्तानीतून शिकवावे, मात्र जिथे समाजाला दुसरी भाषा हवी असेल तिथे ती ठेवावी, अशी शिफारस केली होती. आज उर्दू शाळेत जाणारे आपले मूल घरी कोकणी बोली बोलते, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी. पाठ केलेले उत्तर कुठल्याही भाषेत म्हणता येते. शंका मात्र घरच्या बोलीतच सुचते. ती शुद्ध वाक्यात बसवेपर्यंत तास संपतो, किंवा उच्चार चुकला म्हणून वर्ग हसतो. मराठी शाळेतल्या मुलाचेही फार वेगळे नाही.

म्हणून शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: मुलाला त्याच्या बोलीत विचारू द्या, उत्तर हवे तर शुद्ध भाषेत द्या. आणि हसणाऱ्यांना आधी थांबवा. घरातल्या मोठ्यांनीही मुलाने "असं का?" म्हटले की त्याला बेअदब ठरवू नये. आपल्या इमामांनीही आपल्या उस्तादांना हेच विचारले होते.