घोंगडीच्या इतिहासातील कातणारी

सोलापूर जिल्ह्याच्या वस्त्रेतिहासाची मांडणी बहुधा मागापासून सुरू होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरविषयक खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील समाजवर्णन ज्ञातिवार आहे. या पद्धतीत मेंढ्या राखणारा तो धनगर आणि घोंगडी विणणारा तो सनगर, एवढ्याने विषय संपतो. लोकर आणि माग यांच्या मधली दीर्घ प्रक्रिया मात्र अनुल्लेखित राहते.

ही प्रक्रिया मुख्यत्वे स्त्रियांच्या हातची होती. दख्खनी मेंढीची लोकर आखूड व भरड असते. ती निवडणे, पिंजून तिचे पेळू करणे व सूत कातणे ही कामे सांगोला-मंगळवेढ्याकडील माणदेशी घरांत स्त्रिया करीत. पुढे ताण्याला चिंचोक्यांची खळ दिली जाई व मग सूत खड्ड्याच्या मागावर चढे. एका मागाला पुरेल इतके सूत कातण्यास अनेक हात लागत, हे ध्यानात घेतल्यास श्रमाचा मोठा वाटा कोणाचा होता हे उघड होते.

१८७७ साली सोलापुरात कापडगिरणी सुरू झाली व यंत्रयुगात सुती सूत घराबाहेर गेले. लोकरीचे सूत मात्र दीर्घकाळ घरातच राहिले. कारण ही भरड लोकर यंत्राला फारशी मानवणारी नव्हती. घोंगडी टिकली ती मागामुळे जितकी, तितकीच चातीमुळे.

भाषेची साक्षही विचारात घेण्याजोगी आहे. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. पंढरीच्या विठ्ठलाच्या गोपजनीय पूर्वरूपाचे विवेचन डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात केले, त्या गोपजनांच्या जीवनाची खूण म्हणजे काठी आणि घोंगडी. अशा रीतीने वस्तूला वाक्प्रचारात व लोकधर्मात स्थान लाभले, विणणाऱ्याला ज्ञातिनाम लाभले. ‘कातणारी’ हे मात्र क्रियापदावरून साधलेले सामान्य रूपच राहिले. ज्या श्रमाला नाम नाही, तो ज्ञातिवार नोंदीत सापडणार कसा?

आज दख्खनी लोकरीला भाव उरलेला नाही आणि मांसासाठी माडग्याळसारख्या जातीची मेंढी पाळण्याकडे कल आहे. कातणे थांबले की त्या कामाची क्रियापदे, सुताच्या जाडी-पिळाची विशेषणे व हत्यारांची नावेही मावळतात. लेखी साधने जेथे मूक आहेत, तेथे हा शब्दसंग्रह हेच इतिहासाचे साधन होय. तो वृद्ध स्त्रियांच्या तोंडून टिपून घेणे हे भाषाभ्यासकाचे जितके, तितकेच इतिहासाभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.