पाखराचा कंठ आणि तबकडी

रानातील आवाजांना संगीतात स्थान देण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. बीथोव्हेनची सहावी सिंफनी १८०८ साली प्रथम वाजली, तेव्हा तीत बासरीने नाइटिंगेलचे, ओबोने लावा पक्ष्याचे आणि क्लॅरिनेटने कुक्कूचे सोंग घेतले होते. परंतु ते सोंगच. प्रत्यक्ष पाखराला वाद्यवृंदात आणून बसवावयाचे, तर त्याचा आवाज आधी पकडून ठेवता आला पाहिजे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि ती सोय झाली.

त्यानंतर बारा वर्षांनी, १८८९ साली, जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने पिंजऱ्यातील एका पक्ष्याचे गाणे मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित केले. पक्ष्याच्या आवाजाचे ज्ञात असलेले हे सर्वांत जुने ध्वनिमुद्रण होय. आणि तो पक्षी कोणता? तर आपला शामा! सह्याद्रीच्या गर्द झाडीत लपून गाणारा, लांब शेपटीचा हा गवई युरोपातील बंद खोलीत गायला आणि इतिहासात अमर झाला. तो मुलगा पुढे ज्यू म्हणून १९३६ साली नाझी जर्मनी सोडून इंग्लंडात आला आणि बीबीसीवरून पक्ष्यांचे आवाज घरोघर पोहोचवू लागला.

संगीतकारांपैकी इटलीच्या रेस्पीगीने याबाबत पहिले धाडस केले. त्याची ‘रोमचे पाइन वृक्ष’ ही रचना डिसेंबर १९२४ मध्ये रोम येथे सादर झाली. तिच्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस वाद्ये मंदावतात आणि ग्रामोफोनवर नाइटिंगेलची तबकडी लागते. तबकडी कोणती लावावी, हेही त्याने स्वरलिपीत नोंदवून ठेवले. (नाइटिंगेलला आपल्याकडे सर्रास बुलबुल म्हणतात, ते बरोबर नव्हे. तो आप्त आहे शाम्याचा. पक्षिशास्त्रज्ञ आज दोघांना एकाच कुळात घालतात.) प्रसंग मोहक खरा, पण तेथे पाखरू पाहुणे म्हणून येते. रात्र झाली एवढे सांगते आणि निघून जाते.

पाखराला यजमानपण दिले ते फिनलंडच्या राउतावारा याने. औलू विद्यापीठाने पदवीदान समारंभासाठी त्याच्याकडे रचना मागितली. अशा प्रसंगी मानवी कंठाचे समूहगान असावयाचे. याने १९७२ साली गायकांच्या जागी पक्षी बसविले! लिमिंकाच्या दलदलीत आणि उत्तर ध्रुववृत्ताच्या परिसरात मुद्रित केलेले आवाज ध्वनिफितीवरून वाजतात आणि वाद्यवृंद त्यांची साथ करतो. फितीची गती निम्मी केली की स्वर एक सप्तक खाली उतरतो. दुसऱ्या भागात चंडोलाच्या कुळातील एका चिमुकल्या पक्ष्याचा आवाज राउतावाराने असा दोन सप्तके खाली आणला आहे, आणि ते गाणे एखाद्या अदृश्य महापक्ष्याचे भासू लागते. हा पाखरावर अन्याय नव्हे काय? मला तसे वाटत नाही. वेगाने निसटून जाणाऱ्या हरकती त्यामुळेच आपल्या कानांना उलगडतात. विलंबित लयीचे मर्म जाणणाऱ्या रसिकांना हे वेगळे सांगावयास नको. शेवटच्या भागात स्थलांतर करणाऱ्या हंसांचा कल्लोळ वाढत जातो, त्याबरोबर वाद्येही चढत जातात, आणि मग सारेच दूर विरते.

याच सुमारास, १९७० साली, रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने कुबड्या देवमाशांच्या गाण्याची तबकडी काढली. तेव्हा देवमाशांची बेसुमार कत्तल चालू होती. तेल आणि मांस यांपलीकडे ज्यांना काही दिसत नव्हते, त्यांना त्या प्राण्याचा कंठ ऐकू आला. व्यापारी शिकार १९८६ पासून थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला, त्यामागील लोकमत घडविण्यात या तबकडीचा वाटा मोठा आहे. सर्वच राष्ट्रे तो पाळतात असे मात्र नाही.

त्याच देवमाशाचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत गेले. पाऊस, वारा, मेघगर्जना, बेडूक, रातकिडे यांचेही आवाज तीत आहेत; आणि आहे गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्यांतील एक यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. भैरवी आणि बेडूक, दोन्ही घेऊन.