आसरा आणि अधिकार

श्रोतेहो, घरात छळ सोसणाऱ्या बाईबद्दल आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो असा, "मग ती निघून का येत नाही?" आज आपण हा प्रश्नच तपासू. त्यासाठी रत्नागिरीहून लांब जायला नको, देवरूखला जाऊ.

एकोणिसाव्या शतकात देवरूखच्या जोशी घराण्यातल्या दोन बहिणी लहान वयात विधवा झाल्या. विधवेच्या वाट्याला तेव्हा काय येई? केशवपन, एकवेळचं जेवण, दिवसभर राबणं आणि शुभकार्यात मज्जाव. याला छळ कुणी म्हणत नसे, रीत म्हणत. थोरली गोदूबाई पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनात शिकली. १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, तर कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. धाकटी म्हणजे पार्वतीबाई आठवले. कर्व्यांनी १८९६ साली काढलेली संस्था पुढे हिंगण्याच्या माळावर गेली. तिच्यासाठी वर्गणी मागत पार्वतीबाई गावोगाव फिरल्या, पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

या आश्रमांचं ऋण मोठं आहे. निघून यायचं म्हटलं तर जायला एक दार हवं, ते त्यांनी उघडलं. पण एक गोष्ट बघा. बाई सुटली, तरी ते घर होतं तसंच राहिलं. अन्याय सोसणारीनंच गाठोडं बांधायचं आणि करणारा ओटीवर निवांत, हे गणित काही बदललं नाही.

१९८३ साली भारतीय दंडसंहितेत ४९८अ कलम आलं आणि नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता गुन्हा ठरली. ठीक! पण तक्रार केल्यावर रात्री झोपायचं कुठं? याचं उत्तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं दिलं. घर तिच्या नावावर असो वा नसो, तिला तिथं राहण्याचा हक्क आहे. आणि गरज पडली तर न्यायालय छळणाऱ्या पुरुषालाच बाहेर काढू शकतं. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला.

मात्र त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं बत्रा खटल्यात सासूच्या मालकीच्या घराला 'सामायिक घर' मानायला नकार दिला. कोकणात याचा अर्थ काय होतो? नवरा चाकरमानी, मुंबईत. घरपट्टी सासऱ्याच्या नावावर. म्हणजे सून पुन्हा अंगणात! २०२० साली आहुजा खटल्यात न्यायालयानं ती भूमिका चुकीची ठरवली. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या हक्कांचाही विचार करावा लागेल, असं सांगितलं; पण केवळ घर सासऱ्याचं आहे म्हणून सुनेचा दावा आता फेटाळता येत नाही.

कायदा पुस्तकात राहिला तर मात्र व्यर्थ. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तिचा अर्ज न्यायालयापर्यंत नेणं हे त्यांचं काम. तिच्यासाठी त्यांच्याकडे माहिती कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. शेजारच्या घरातून रडणं ऐकू आलं, तर "ती निघून का येत नाही?" हे विचारणं आता पुरे. तिला आधी एवढं सांगू या, की बाई, हे घर तुझंही आहे; अर्ज द्यायला आम्ही सोबत येतो.