सिंकोनाच्या सालीतील अल्कलॉइडांचे निष्कर्षण : एक ऐतिहासिक विचार

क्विनीनच्या इतिहासाचे विवेचन बहुधा १८२० साली पॅरिसमध्ये पेलत्ये आणि काव्हान्तू यांनी लावलेल्या शोधापाशी येऊन थांबते. परंतु त्या शोधामागील रासायनिक क्रिया कोणत्या टप्प्यावर थांबवावी, हा प्रश्न त्यानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ शिल्लक होता. आणि त्याचा विचार प्रामुख्याने हिंदुस्थानात झाला.

क्रिया मुळात साधी आहे. सालीत अल्कलॉइडे क्विनिक अम्ल व टॅनिनवर्गीय अम्ले यांच्याशी संयुक्त स्थितीत असतात. विरल खनिज अम्लात साल भिजविली म्हणजे त्यांची विद्राव्य लवणे पाण्यात उतरतात. या विद्रावात कॉस्टिक सोडा घातला की मुक्त झालेली क्षारके पाण्यात फारशी विरघळत नसल्यामुळे साक्याच्या रूपाने खाली बसतात. लिस्बनचे वैद्य गोमिश यांनी १८१० च्या सुमारास सालीच्या अल्कोहॉली अर्कावर पोटॅशची क्रिया करून स्फटिक मिळविले होते. पण त्यांचा क्षारकधर्म त्यांच्या ध्यानी आला नाही. वनस्पतींत क्षारकेही असतात ही कल्पना झेर्ट्युर्नर यांच्या मॉर्फीनवरील १८१७ च्या लेखानंतर रूढ झाली. त्या कल्पनेच्या आधारे पेलत्ये व काव्हान्तू यांनी करड्या सालीतील सिंकोनीन आणि पिवळ्या सालीतील क्विनीन ही दोन भिन्न क्षारके होत, हे सिद्ध केले.

या क्रियेस मात्र एक मर्यादा आहे. ती क्षारकांचा वर्ग वेगळा काढते. त्या वर्गातील क्विनीन, क्विनिडीन, सिंकोनीन व सिंकोनिडीन यांची आपसांत निवड करीत नाही. त्यासाठी क्विनीन सल्फेटाच्या अल्प विद्राव्यतेचा उपयोग करून स्फटिकीकरण करावे लागते, आणि खर्च वाढतो तो येथेच. निलगिरी व दार्जिलिंगच्या डोंगरांत १८६० नंतर जी तांबडी साल जोमाने वाढली, तीत एकूण अल्कलॉइडे विपुल, परंतु क्विनीन त्या मानाने थोडे. मग उरलेली अल्कलॉइडे टाकून द्यावयाची काय?

या प्रश्नाच्या निर्णयासाठी १८६६ साली सरकारने वैद्यकीय समित्या नेमल्या. मद्रास इलाख्यात २,४७२ ज्वररुग्णांवर चारही अल्कलॉइडांची स्वतंत्रपणे परीक्षा झाली. उपचार निष्फळ ठरले ते केवळ २७ रुग्णांत. सिंकोनीन किंचित दुबळे ठरले, तरी गुणकारी नाही असे एकही नव्हते. या निष्कर्षाच्या बळावर दार्जिलिंगजवळील मंगपू येथे सरकारी रसायनज्ञ वुड यांनी १८७४ च्या सुमारास पहिल्या साक्यापाशीच थांबण्याचे ठरविले. लाकडी पिंपांत थंड, सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल. नंतर कॉस्टिक सोडा. मग साका गाळणे, धुणे, वाळविणे व कुटणे. उष्णता नाही, महाग विद्रावक नाही. हेच 'सिंकोना फेब्रिफ्यूज'.

या मिश्रणातही दोष होते. त्यातील घटकांचे प्रमाण स्थिर नसे, आणि पुष्कळ रुग्णांस त्याने मळमळ होई. १८८७ साली मंगपू येथेच फ्यूजेल तेलाच्या साहाय्याने क्विनीन वेगळे काढण्याची स्वस्त रीत यशस्वी झाली, आणि १८९२ पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांत क्विनीनची पुडी एका पैशास मिळू लागली.

तात्पर्य, शुद्धतेची आवश्यक मर्यादा केवळ प्रयोगशाळेत ठरत नाही. हिवतापाने पछाडलेल्या गरीब रयतेला परवडणारे औषध हवे होते, आणि शुद्ध क्विनीन स्वस्त होईपर्यंतच्या काळात ती गरज या अशुद्ध साक्याने भागविली. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यास 'अपूर्ण क्रिया' म्हणून दुय्यम स्थान देणे न्याय्य होणार नाही.