दुरुस्ती आली, पण लावली कोणी?

संगणकांतील विषाणूंच्या प्रसाराचा इतिहास फार जुना नव्हे. १९८६ साली लाहोरच्या दोघा बंधूंनी रचलेला ‘ब्रेन’ फ्लॉपी तबकड्यांवरून देशोदेशी पसरला. आपल्याकडे त्या जातीच्या उपद्रवांवर उतारा काढला, तोही दोघा बंधूंनीच! रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करीत. पुढे दुरुस्तीस येणारे संगणक विषाणूंनी ग्रासलेले आढळू लागले, तेव्हा धाकट्या संजय यांनी त्यावर प्रणाली लिहिली. तीच ‘क्विक हील’.

परंतु उतारा असणे निराळे आणि तो वेळेवर घेणे निराळे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील संगणकांना जणू टाळे ठोकून खंडणी मागितली. ब्रिटनच्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने ती पुष्कळांनी लावलीच नाही.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम विषाणू सोडणाऱ्याकडून भरपाई देववते खरे. पण आधी तो इसम सापडावयास हवा ना!

हुबळी-धारवाडकडील ज्या देवस्थानांचा जमाखर्च आणि देणगीदारांच्या याद्या संगणकावर आहेत, तेथील विश्वस्तांनी एवढे पाहावे : यंत्रावर ‘विंडोज १०’ असल्यास त्याच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपल्या. आणि हिशेबाची दुसरी प्रत त्या यंत्राबाहेर कोठे ठेवली आहे काय?